ग्रीअर्सन यांचा सातवा खंड आणि वारली बोली

ग्रीअर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ सालीं निघाला. तो सिद्ध केला स्टेन कोनो यांनीं. त्यांत वारलीस मराठीच्या पोटांत जागा मिळाली. २०११ च्या जनगणनेनें तिला भिलीच्या गटांत बसविलें. वांगणीच्या आसपासच्या, जव्हार-मोखाड्याच्या मुलखांतील वारल्याची जीभ मात्र तेवढ्यानें पालटली नाहीं.

ग्रीअर्सन डब्लिनकडचे. त्यांचे संस्कृतचे गुरु अ‍ॅट्किन्सन प्राचीन आयरिशचे जाणकार. तरी १८९९ त आयरिशला शाळांत वाव देण्याचा प्रश्न निघतांच त्यांनींच तिच्या वाङ्मयाविरुद्ध साक्ष दिली! आयरिश, स्कॉटिश गेलिक व मँक्स यांचें गोत्र एक. पण मँक्स इंग्रजी वळणानें लिहिली गेल्यामुळें आयरिश वाचकास ती कागदावर परकी दिसते, कानास तितकी नाहीं.

वारलीचें दुखणें निराळें. पाहणीचें मुख्य माप म्हणजे बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा, बोलीबोलींत भाषांतरिलेली. व्याकरण ताडून पाहण्यास तें सोयीचें, यांत वाद नाहीं. परंतु लग्नांत धवलेरी जें गाते, किंवा कणसरी या धान्यदेवतेभोंवतीं जी शब्दसंपत्ति आहे, तिला त्या कथेंत ठिकाण कोठलें? नमुना बोलीचा, आशय परका; या खंडाचा हा दोष मला वर्गीकरणाच्या चुकीहून मोठा वाटतो.

मँक्स ही जन्मभाषा असलेला अखेरचा मनुष्य, नेड मॅड्रेल, १९७४ त निवर्तला. त्याचें बोलणें ध्वनिमुद्रित झालें होतें, म्हणून पुढें शिकणारांस उच्चार तरी सांपडला. वारली बोलणारे आज पुष्कळ आहेत. तेव्हां धवलेरीचीं गाणीं तिच्याच तोंडून उतरून घेण्याचें काम आधीं, आणि मराठी कीं भिली हा तंटा मागाहून.