उद्याचे पाय आजच खर्च करावेत का?

पिंपरी-चिंचवडकरांना सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे शर्यत १९४५ साली सुरू झाली आणि जुन्या महामार्गाने ती आपल्या दारावरूनच यायची. बोरघाट पहिला चढून येणारा तो 'घाटाचा राजा'. पण ती एका दिवसाची शर्यत. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली, तेव्हा टप्प्याटप्प्यांची शर्यत आपल्याकडे आली. एक छोटा प्रोलॉग, मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. फ्रान्सच्या 'टूर'मध्ये टप्पे असतात एकवीस, तीन आठवडे.

आता प्रश्न असा, की इतके दिवस बघायचे काय? वेग? तो तर रस्त्याकडेला उभे राहिलो की अर्ध्या मिनिटात निघून जातो. चुरस? तीही रोज नसते. आमचे म्हणणे असे, की रंगत असते ती उधारीत. आज खर्च केलेली ताकद उद्या वजा होते. चाकणला लागोपाठ दोन पाळ्या करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ओव्हरटाइमचा हिशेब अंग दुसऱ्या दिवशी मांडते.

सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहिले की वारा कमी लागतो, पुष्कळ श्रम वाचतात. म्हणून प्रतिस्पर्धीसुद्धा एकमेकांना धरून चालवतात. एकत्र आलेल्या घोळक्याला वेळही सारखीच मिळते. घाटात वेग उतरतो, आडोशाचा फायदा घटतो आणि ज्याचे त्याला कळते. तिथे प्रश्न पडतो: आता सुटायचे, की उद्यासाठी राखायचे? हा निर्णय चुकू शकतो, आणि चूक पुढचे कित्येक दिवस सोबत येते. एका दिवसाच्या शर्यतीत हे घडतच नाही.

१९८९चे उदाहरण बघा. तीन हजारांवर किलोमीटर झाले, शेवटचा टप्पा उरला साडेचोवीस किलोमीटरचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्याचा. लॉराँ फिन्यॉं पन्नास सेकंदांनी पुढे. पण सीटवर घासून झालेल्या जखमेने तो बेजार होता. ग्रेग लेमाँडने त्या टप्प्यात अठ्ठावन्न सेकंद कमावले आणि शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. त्या आठ सेकंदांत तीन आठवडे साठलेले होते.

उलट २०२४मध्ये पोगाचारने सहा टप्पे जिंकले आणि सहा मिनिटे सतरा सेकंदांनी टूर मारली. आम्हाला कौतुक वाटले. धाकधूक मात्र वाटली नाही. ज्याच्या खिशाला तळच दिसत नाही, त्याच्या खर्चाची काळजी कोण करणार?

तेव्हा आयोजकांनी घाट आणखी उभे केले म्हणजे रंगत वाढेल, हे आम्हाला पटत नाही. प्रेक्षकाला कालचा हिशेब ठाऊक हवा: कोण किती सेकंद मागे आहे, कोणी काल कोणासाठी वारा खाल्ला. हे मराठीत, सोप्या शब्दांत कोणीतरी सांगायला हवे. नाहीतर रस्त्यावर उभा राहिलेला आपला माणूस रंगीत जर्सी बघेल, टाळ्या वाजवेल आणि घरी जाईल. शर्यत त्याच्या समोरून जाईल, त्याला दिसणार नाही.