कंत्राटदाराची शैली
अॅबनर कुक (१८१४–१८८४) ग्रीक शैलीचा वास्तुकार म्हणून टेक्ससमध्ये गौरवला जातो. आम्हांला तो आधी कंत्राटदार दिसतो. १८३९ साली तो ऑस्टिनला आला, तेव्हा नवी राजधानी नुकतीच वसत होती. पुढे वीटभट्टी त्याची, लाकडाच्या गिरणीतही त्याचे अंग. गव्हर्नर-निवासाचे (१८५६) सहा आयोनिक स्तंभ लाकडीच आहेत. दगडाचा नुसता आव! पण सज्जाच्या कठड्याची, गव्हाच्या पेंढीसारखी दिसणारी जाळी पाहावी. तिथे तो ग्रीसचा नव्हे, स्वतःचा आहे. मात्र नील-कॉक्रन घराच्या (१८५५) स्तंभांचे कौतुक करताना ते बांधण्यात राबलेल्या गुलामांचा उल्लेख तळटीपेत ढकलणे आम्हांला मान्य नाही. त्या घरामागे गुलामांच्या वस्तीची इमारत अजून उभी आहे.