'दिवास्वप्न' : बालकांची सर्जनशीलता व शिक्षकाचे स्वातंत्र्य

प्राथमिक स्तरावरील सर्जनशीलतेचा विचार करताना गिजुभाई बधेका (1885-1939) यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकाचा उल्लेख हमखास होतो. मूळ गुजरातीतील हे कथन 1930 च्या दशकाच्या आरंभीचे होय. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंचा भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील अनुभव त्यामागे आहे. तथापि पुस्तक काल्पनिक आहे, हे अनेकदा विसरले जाते.

यातील लक्ष्मीराम हा शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ फसतो. लेखकाने हे अपयश झाकलेले नाही, हा या पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक भाग. त्यानंतर गोष्ट येते, आणि आरडाओरडा करणारी तीच मुले ऐकू लागतात. येथे गोष्ट हे पाठ गळी उतरवण्याचे साधन नाही. ती आधी आनंद देते; वाचन, नाट्य, भाषा यांची ओढ तिच्यातूनच निर्माण होते. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे राहते, हा प्रसंग तर आजही धाडसीच वाटेल.

मात्र एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. लक्ष्मीराम नोकरीत अडकलेला शिक्षक नाही. तो स्वेच्छेने आला आहे आणि शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी त्याच्या पाठीशी आहे. शेजारच्या वर्गातील शिक्षकांपाशी यांपैकी काहीच नाही, आणि पुस्तक त्यांच्याकडे काहीसे उपहासाने पाहते. हे अन्यायाचे आहे. त्यांची शंका आळसातून येते की भीतीतून, याचा शोध लेखक पुरेसा घेत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती व शोध यांद्वारे, भयमुक्त वातावरणात शिकवण्याचे बंधन घातले. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हे प्रमाणही ठरवले. पण वर्ग पाच आणि शिक्षक दोन, तेव्हा रोजची गोष्ट कोणत्या वर्गाला सांगायची? लक्ष्मीरामपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षण गावात, अंगणात नेले. या पुस्तकाची खरी परीक्षा तेथे झाली.

अध्यापक विद्यालयांतून 'दिवास्वप्न' शिकवताना त्याचा सारांश लिहून घेण्यापेक्षा त्यातील फसलेला पहिला दिवसच चर्चेस घ्यावा.