‘एल फारो’ची ध्वनिसंहिता : एक विचार

जहाजाचे स्थान, वेग, दिशा आणि ब्रिजवरील संभाषण सतत टिपून ठेवणारा व्हॉयेज डेटा रेकॉर्डर हा सामान्यतः अभियांत्रिकीचा विषय मानला जातो. परंतु त्यातील ध्वनीचे लेखन झाले, की एक संहिता निर्माण होते. आणि ती कशी वाचावी हा प्रश्न भाषाभ्यासकालाही टाळता येत नाही.

‘एल फारो’ हे अमेरिकन मालवाहू जहाज १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांनजीक ‘वाकीन’ चक्रीवादळात बुडाले. जहाजावरील ३३ ही माणसे मृत्युमुखी पडली. ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे ४,६०० मीटर खोलीवरून हा रेकॉर्डर वर काढण्यात आला. त्यातील २६ तासांच्या नोंदीपैकी चौकशीस उपयुक्त अशा सुमारे दहा तासांच्या ध्वनीचे ५१० पृष्ठांचे लेखन त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले.

ही संहिता नाटकासारखी वाचण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तिच्यात निवड आहे, अस्पष्ट जागा आहेत, स्वराचा चढउतार नाही. शिवाय एक मोठी उणीव आहे. अखेरच्या रात्री कनिष्ठ अधिकाऱ्यांनी दोनदा कप्तानाला त्याच्या खोलीत दूरध्वनी करून वादळाची वार्ता दिली व दक्षिणेकडील मार्ग सुचविला. ब्रिजवरील ध्वनिग्राहकांनी त्यांचे बोलणे टिपले. कप्तानाचे उत्तर टिपले नाही.

२०१७ च्या चौकशी अहवालाने मुख्य दोष कप्तानाच्या निर्णयांना दिला. परंतु अधिकाऱ्यांनी आपली चिंता अधिक ठामपणे मांडली असती, तर कप्तानाला परिस्थितीची जाणीव अधिक नेमकी झाली असती, असेही सूचित केले. हा दुसरा निष्कर्ष सावधपणे स्वीकारावा लागतो. श्रेष्ठाशी बोलताना कनिष्ठ आज्ञार्थ वापरत नाही. तो वृत्त सांगतो, पर्याय सुचवितो आणि निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवितो. हा भीरूपणाच असतो असे नव्हे. अधिकारपरंपरेचे ते व्याकरण आहे. सूचनेचे बळ केवळ शब्दांत नसते, ती कशी स्वीकारली गेली यावरही ते ठरते. आणि नेमका तोच अर्धा भाग येथे अनुपलब्ध आहे.

म्हणूनच जहाजातील अंतर्गत दूरध्वनीच्या दोन्ही बाजू नोंदल्या जाव्यात, ही याच चौकशीतील शिफारस केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही. ती अमलात आल्यास सुचविणाऱ्याबरोबर ऐकणाराही पुढील चौकशीत बोलता होईल. तोवर वाचकाने कप्तानाच्या मौनात स्वतःचे शब्द भरू नयेत. मृतांविषयी न्याय करताना एवढा संयम आवश्यकच आहे.