कॉन्स्ट चलांची साठवण आणि कंपायलर-चाचण्यांतील तडजोडी : एक चिकित्सा

सारांश : एकाच कंपायलरच्या चाचण्या अनेक प्रोसेसरांवर चालवताना स्थिर मूल्यांच्या साठवणीतील भेदांमुळे काही चाचण्या अयशस्वी ठरतात. त्या यशस्वी करून घेण्यासाठी केल्या जाणाऱ्या दुरुस्त्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात जीसीसी या कंपायलरच्या आधारे केली आहे.

बीजसंज्ञा : कंपायलर, कॉन्स्ट, मेमरी, प्रोसेसर, चाचणी.

प्रस्तावना :

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणीकरणाने ‘कॉन्स्ट’ या शब्दाला अधिकृत स्थान दिले. ज्या चलापुढे हा शब्द येतो त्याचे मूल्य प्रोग्रॅमने बदलायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते मूल्य मेमरीच्या कोणत्या भागात ठेवावे याचे बंधन प्रमाणभाषा घालत नाही. केवळ वाचनक्षम भागात ठेवण्याची मुभा मात्र ती कंपायलरला देते. बंधन आणि मुभा यांतील हा भेद चाचणी लिहिताना अनेकदा दुर्लक्षिला जातो आणि पुढील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

चाचणीचे स्वरूप :

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला जीसीसी आज अनेक प्रकारच्या प्रोसेसरांसाठी यंत्रभाषा निर्माण करतो. त्याच्या चाचणीसंचातील एक चाचणी म्हणजे बहुधा एक छोटा प्रोग्रॅम. अपेक्षित निकाल त्याच प्रोग्रॅममधील टिपांत विशिष्ट खुणांनी लिहिलेला असतो आणि डेजाग्नू ही यंत्रणा तो तपासते. काही चाचण्या प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून पाहतात. काही चाचण्या मात्र निर्माण झालेल्या असेंब्लीत एखादा शब्द आढळतो की नाही, एवढेच पाहतात. लिनक्सवरील एक्स८६ प्रोसेसरासाठी कॉन्स्ट पूर्णांक ‘रोडेटा’ या वाचनमात्र विभागात जातो. साहजिकच ‘रोडेटा हा शब्द आढळला पाहिजे’ अशी अपेक्षा लिहिली जाते.

भेदाची कारणे :

ही अपेक्षा सार्वत्रिक नाही. पॉवरपीसीच्या एम्बेडेड मांडणीत छोटी कॉन्स्ट मूल्ये ‘एसडेटा२’ या विभागात ठेवली जातात आणि रजिस्टर २ च्या आधारे वाचली जातात; बदलणारी छोटी मूल्ये ‘एसडेटा’ विभागात, रजिस्टर १३ च्या आधारे. या प्रोसेसरच्या एका आज्ञेत १६ बिटांचे अंतर मावते, म्हणजे ६४ किलोबाइटांच्या टापूतील कोणतेही मूल्य एकाच आज्ञेत गाठता येते. मिप्सवरही लहान मूल्यांसाठी असा विभाग आहे. तेथे कॉन्स्ट मूल्याला वाचनमात्र विभागात अग्रक्रम द्यावा, असे सांगणारा स्वतंत्र पर्याय जीसीसीत असून त्यामुळे वेग किंचित कमी होतो व रॅम वाचते, असे त्याची नियमपुस्तिकाच सांगते. म्हणजे साठवणीची जागा हा वेग आणि मेमरी यांमधील हिशेब आहे. या प्रोसेसरांवर शब्द जुळत नाही, पण कंपायलर बरोबर असतो.

एव्हीआर प्रोसेसरावर याच्या नेमके उलट घडते. तेथे प्रोग्रॅमची फ्लॅश मेमरी आणि विदाची रॅम यांचे पत्ते वेगळे आहेत. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो उनो फलकावरील एटीमेगा ३२८पी मध्ये फ्लॅश ३२ किलोबाइट, तर रॅम अवघी २ किलोबाइट आहे. असेंब्लीत ‘रोडेटा’ हा शब्द आढळतो. परंतु त्या विभागातील मूल्ये प्रोग्रॅम सुरू होताना रॅममध्ये उतरवली जातात. ती फ्लॅशमध्येच राहावीत यासाठी वेगळी खूण करावी लागते, जीसीसी ४.७ (२०१२) पासून सी भाषेत त्यासाठी ‘फ्लॅश’ हा विशेषक उपलब्ध झाला. पुढे ज्या एव्हीआर प्रोसेसरांत फ्लॅश ही रॅमच्याच पत्त्यांत दिसते, त्यांच्यासाठी जीसीसी ८ (२०१८) पासून अशा खुणेची गरज उरली नाही. तात्पर्य, एकाच प्रोसेसर-कुळात तोच शब्द दोन वेगळ्या जागा दर्शवतो.

दुरुस्त्यांची चिकित्सा :

चाचणी अयशस्वी झाल्यावर सामान्यतः तीन मार्ग अवलंबिले जातात. पहिला मार्ग त्या प्रोसेसरला वगळण्याचा. अशा चाचणीची नोंद ‘असमर्थित’ अशी होते. वास्तविक कॉन्स्ट चल त्या प्रोसेसरावर पूर्णतः समर्थित असतो. असमर्थ ठरते ती चाचणीची अपेक्षा. दुसरा मार्ग छोट्या विभागाची मर्यादा शून्यावर आणण्याचा. चाचणीचा विषय वेगळाच असेल तर हा मार्ग स्वच्छ आहे. पण साठवण हाच विषय असल्यास वापरकर्त्याला प्रत्यक्षात मिळणारी मांडणी तपासायची राहून जाते. तिसरा मार्ग अपेक्षित शब्दांची यादी वाढवण्याचा. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा. यादी सर्व प्रोसेसरांसाठी सामाईक ठेवून तीत ‘एसडेटा’ घातला, तर पॉवरपीसीवर कॉन्स्ट मूल्य चुकून बदलण्याजोग्या विभागात गेले तरी चाचणी यशस्वीच दाखवेल. ज्या दोषासाठी ती लिहिली, तोच तिला दिसेनासा होतो.

या मार्गांमागील व्यावहारिक निकड नाकारता येत नाही. एका प्रोसेसरावर काम करणाऱ्याला उरलेल्या सर्वांची माहिती असणे अशक्य आहे. तथापि दुरुस्तीसोबत तिचे कारण एका ओळीत नोंदवणे अशक्य नाही. कारणाविना केलेली वगळणूक काही वर्षांनी नियमच समजली जाते.

निष्कर्ष :

चाचणीने आपण काय तपासतो हे प्रथम ठरवावे. भाषेचा नियम तपासायचा असेल, तर कॉन्स्ट चलाला नवे मूल्य देण्याचा प्रयत्न कंपायलर नाकारतो का, हे पाहावे. ही अपेक्षा सर्व प्रोसेसरांवर सारखीच आहे. विभाग तपासायचा असेल, तर प्रत्येक मांडणीसाठी अपेक्षित नाव स्वतंत्रपणे लिहावे. मूल्य खरोखर कोठे राहते हे जाणायचे असेल, तर असेंब्ली पुरेशी नाही. लिंकरने दिलेला पत्ता पाहणे भाग आहे. अध्यापनातही हाच विवेक हवा. ‘कॉन्स्ट म्हणजे रॉममध्ये’ हे वर्गात सर्रास सांगितले जाणारे समीकरण स्वीकारून उनोवर लांबलचक मजकूर कॉन्स्ट म्हणून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची रॅम संपते आणि प्रोग्रॅम भाषेच्या नियमानुसार निर्दोष असूनही तो कोलमडू शकतो.