जर्मन तपासणी-अहवालातील मूत्रपिंडविषयक शब्दप्रयोग व त्यांचे इंग्रजी भाषांतर : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकीय भाषांतराची चर्चा बहुधा अवघड पारिभाषिक संज्ञांभोवती फिरते. मूत्रपिंडांच्या तपासणीचे जर्मन अहवाल इंग्रजीत आणताना मात्र उलट अनुभव येतो. ‘नेफ्रायटिस’, ‘पायलोनेफ्रायटिस’ यांसारख्या ग्रीक मुळाच्या संज्ञा दोन्ही भाषांना समाईक असल्याने त्या जवळजवळ जशाच्या तशा नेता येतात. अडचण येते ती ‘जागा’, ‘मोकळे’, ‘ठोकणे’, ‘तुंबणे’ अशा अर्थाच्या रोजच्या वापरातील जर्मन शब्दांपाशी. त्यांचे अर्थ कोशात सहज सापडतात आणि म्हणूनच भाषांतरकार बेसावध राहतो. अशा तीन शब्दप्रयोगांच्या आधारे या भाषांतराचे निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘नीरेनलागर फ्राय’

शारीरिक तपासणीच्या नोंदीत जर्मन डॉक्टर पुष्कळदा एवढेच दोन शब्द लिहितात. ‘नीरे’ म्हणजे मूत्रपिंड, ‘लागर’ म्हणजे शय्या, तळ किंवा कोठार, आणि ‘फ्राय’ म्हणजे मोकळे. ‘किडनी बेड्स फ्री’ असे शब्दशः इंग्रजी केल्यास मूत्रपिंडविभागात खाटा रिकाम्या आहेत, असा भलताच समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात डॉक्टरांनी रुग्णाच्या पाठीवर, शेवटची बरगडी व कणा यांमधील भागावर हाताने हलकेच ठोकून पाहिलेले असते आणि रुग्णाला दुखलेले नसते. तेथे दुखणे हे मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग किंवा खड्यामुळे झालेला अडथळा यांकडे बोट दाखवते. या जागेस ब्रिटिश डॉक्टर ‘रीनल अँगल’ म्हणतात, तर अमेरिकन डॉक्टर ‘कॉस्टोव्हर्टिब्रल अँगल’. म्हणून ‘नो रीनल अँगल टेंडरनेस’ हे भाषांतर योग्य ठरते.

येथे आणखी एक बारकावा आहे. ‘लागर’ या नामाचे एकवचन व अनेकवचन सारखेच असते. त्यामुळे मूळ नोंदीत ‘दोन्ही बाजूंना’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर भाषांतरकाराने ते स्वतःहून घालणे म्हणजे डॉक्टरांनी न नोंदवलेली तपासणी नोंदवणे होय.

‘क्लोप्फश्मेर्त्स’

‘क्लोप्फश्मेर्त्स’ म्हणजे ठोकल्यावर होणारी वेदना. याचे ‘पर्कशन पेन’ असे रूपांतर वरवर निर्दोष दिसते. तथापि इंग्रजी वैद्यकीय लेखनात ‘पेन’ ही रुग्णाने सांगितलेली तक्रार असते, तर ‘टेंडरनेस’ हे तपासणाऱ्याच्या हाताखाली आढळलेले चिन्ह असते. जर्मन भाषा दोन्हींसाठी ‘श्मेर्त्स’ हाच शब्द वापरते व वेदनेचे निमित्त समासात जोडून देते. मराठीचीही रीत हीच आहे; ‘दुखते’ हे क्रियापद कायम राहते, त्यामागे ‘दाबल्यावर’ किंवा ‘ठोकल्यावर’ एवढेच येते. त्यामुळे मराठी भाषक अभ्यासकाला मूळ जर्मन शब्द सहज उमगतो. परंतु इंग्रजीत लिहिताना तक्रार आणि चिन्ह यांची गल्लत होण्याचा धोका त्यालाच अधिक असतो.

‘निश्त गेश्टाउट’

सोनोग्राफीच्या अहवालात, मूत्रपिंडातील लघवी गोळा होणाऱ्या पोकळ भागाविषयी ‘निश्त गेश्टाउट’, म्हणजे ‘तुंबलेला नाही’, अशी नोंद येते. ‘श्टाउ’ हा शब्द वाहतुकीच्या कोंडीसाठीही वापरला जात असल्याने ‘कंजेशन’ हा पर्याय चटकन सुचतो. पण इंग्रजीत ‘रीनल कंजेशन’ म्हणजे शिरांमध्ये रक्त साचणे. त्याचे कारण बहुधा हृदयविकारात असते. लघवी तुंबून मूत्रपिंड फुगणे यास ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणतात. त्याचे कारण मूत्रमार्गात शोधावे लागते. एका शब्दाच्या चुकीने उपचाराची दिशाच बदलू शकते. त्याचबरोबर ‘नो हायड्रोनेफ्रोसिस’ याऐवजी ‘नॉर्मल किडनी’ असे लिहिणेही चुकीचे आहे, कारण लघवी तुंबली नाही म्हणून खडा नाही असे सिद्ध होत नाही.

सैद्धांतिक विचार

काथारिना राइस यांनी 1971 च्या आपल्या भाषांतर-समीक्षेवरील ग्रंथात आशयप्रधान संहितेच्या भाषांतरात आशय अबाधित राहण्यास प्राधान्य दिले. हान्स फेर्मेर यांनी 1978 मध्ये मांडलेल्या आणि 1984 मध्ये राइस यांच्यासह विस्तारलेल्या ‘स्कोपोस’ सिद्धांतात भाषांतराचे प्रयोजन सर्वोपरी मानले गेले व मूळ संहितेशी निष्ठा त्याखालोखाल आली. वरील उदाहरणांत प्रयोजनाचा विचार केल्याशिवाय शब्दशः भाषांतराच्या चुका टळत नाहीत, हे खरे आहे. मात्र वाचणाऱ्या डॉक्टरांची सोय हेच एकमेव प्रयोजन मानले, तर त्रोटक नोंद ‘पूर्ण’ करण्याचा मोह होतो. रुग्णाच्या अहवालात जे लिहिलेले नाही, तीही माहितीच असते. म्हणून येथे निष्ठेला दुय्यम स्थान देता येत नाही.

निष्कर्ष

तपासणी-अहवालाचा भाषांतरकार शब्दाचे नव्हे, तर डॉक्टरांच्या कृतीचे व तिच्या फलिताचे भाषांतर करतो. कृती कोणती हे कळण्यासाठी कोश अपुरा पडतो. त्यासाठी इंग्रजी भाषक डॉक्टरांनी लिहिलेले त्याच प्रकारचे अहवाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. भाषांतराच्या अभ्यासक्रमांत पारिभाषिक शब्दांच्या याद्यांइतकेच महत्त्व अशा समांतर वाचनास मिळणे आवश्यक आहे. जेथे मूळ नोंद संदिग्ध आहे, तेथे ती संदिग्धता जपून तिच्याकडे लक्ष वेधणे हेच प्रामाणिक भाषांतर होय.