ड्रॅगन कुणी पाहिलाय?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हीलरचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, काल रात्री मारलेला राक्षस दिसायला कसा होता? बहुतेक जण अडखळतील. त्यांना आठवतात ते स्क्रीनवरचे वीस छोटे चौकोन, त्यातला झपाट्याने रिकामा होणारा एक, आणि बाजूला उलटे मोजणारे आकडे. राक्षस त्या चौकोनांच्या मागे कुठेतरी होता. कुणीतरी खपून त्याचे खवले रंगवले असणार.

हा लेख त्या चौकोनांबद्दल आहे. सिनेमावर लिहिताना आपण कॅमेऱ्याबद्दल बोलतो, नाटकावर लिहिताना नेपथ्याबद्दल. गेमवर लिहिताना मात्र गोष्ट, ग्राफिक्स आणि व्यसन यांच्यापुढे सहसा कुणी जात नाही. खेळाडू प्रत्यक्षात तासन्‌तास ज्याकडे बघतो, त्या इंटरफेसची समीक्षा राहूनच जाते. आणि या गेममध्ये तर त्या इंटरफेसचा मोठा भाग खेळाडूंनीच लिहिलेला आहे.

गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. रेड म्हणजे इथे पोलिसांचा छापा नाही. ऑनलाइन जमलेल्या टोळीने एका मोठ्या शत्रूशी ठरवून केलेली लढाई, म्हणजे रेड. २००४ साली गेम आला तेव्हा मोठ्या रेडची टोळी चाळीस जणांची असे. २००७ पासून ती पंचवीस किंवा दहावर आली, आणि सगळ्यात अवघड पातळीवर २०१४ पासून वीस जण लागतात. काही जण मार खातात, काही मारतात, उरलेले जखमा भरतात. शत्रूच्या चाली बऱ्याचशा ठरलेल्या असतात. चुकलं की सगळे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका शत्रूपायी शंभर-दीडशे वेळा मरणं यात विशेष काही नाही.

ॲडऑन म्हणजे खेळाडूंनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम. गेमच्या फोल्डरमध्ये टाकले की स्क्रीन बदलते. ते लुआ या भाषेत लिहितात. लुआ १९९३ साली रिओ दी जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र.

आता मांडणीकडे येऊ. आधी चौकोन. टोळीतल्या प्रत्येकाचा एक, त्यात जीव किती उरलाय त्याचा पट्टा. गेमचे स्वतःचे चौकोन डाव्या कडेला बसतात. मी ते मधोमध, माझ्या पात्राच्या पायाशी आणते, म्हणजे पायाखाली आग लागली तर निदान दिसते. मग कुठल्या चौकोनावर काय दाखवायचं ते ठरवायचं. एका माणसाच्या अंगावर एका वेळी डझनावारी मंत्र असू शकतात. त्यातले मला हवेत ते दोन प्रकारचे: मी स्वतः टाकलेले, आणि राक्षसाने टाकलेल्यांपैकी मला काढता येतील ते. बाकी सगळं पुसायचं. गेमच्या रूढीप्रमाणे जादू निळी, शाप जांभळा, रोग तपकिरी आणि विष हिरवं. आमच्या टोळीतल्या एकाला तपकिरी आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. त्याने विषासाठी त्रिकोण ठेवला, रोगासाठी ठिपका. ते करायला अर्धा तास लागला. त्याआधी वर्षभर तो अंदाजाने खेळत होता.

मग सूचना. त्यासाठी डेडली बॉस मॉड्स किंवा बिगविग्स, दोन्हीपैकी एक. राक्षसाची पुढची चाल किती सेकंदांनी येणार त्याचे पट्टे दाखवायचे आणि वेळ आली की ओरडायचं, हे त्यांचं काम. नवीन बसवलेलं असताना ती जवळपास प्रत्येक चालीला ओरडतात. त्यातल्या बऱ्याच चालींशी हीलरचा काही संबंध नसतो. त्या एकेक करून बंद करायच्या.

शेवटी वीकऑराज. ही कोरी वही. ‘अमुक झालं तर तमुक दाखव’ एवढंच ती करते, अमुक आणि तमुक तुम्ही लिहायचं. लिहायचं नसेल तर दुसऱ्या कुणी लिहिलेलं अक्षरांचं लांबलचक भेंडोळं कॉपी करून पेस्ट करायचं आणि ते सांगेल तिकडे पळायचं.

मराठीत टीका या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, नावं ठेवणं. दुसरा जुना, मूळ ग्रंथ कळावा म्हणून त्यावर लिहिलेलं विवरण. ज्ञानेश्वरी ही या दुसऱ्या अर्थाने गीतेवरची टीका. ॲडऑनला तिच्या शेजारी बसवायचा माझा विचार नाही, पण कसोटी उसनी घेता येते. टीका वाचून मूळ ग्रंथ अधिक कळतो, की ग्रंथ बाजूला पडून टीकेवरच भागतं? दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे आयता शब्द आहे: अपेक्षित. दहावीला ज्यांच्या दप्तरात एकवीस अपेक्षित प्रश्नसंच होता त्यांना तो समजावून सांगायला नको.

ही कसोटी लावून जुनी ॲडऑन बघितली तर चित्र बरंच स्वच्छ दिसतं. मोल्टन कोअर नावाच्या पहिल्या मोठ्या रेडमध्ये ल्युसिफ्रॉन हा शत्रू टोळीवर शाप आणि जादू पसरवायचा. कुणावर काय आहे ते शोधायचं आणि कुणाला आधी सोडवायचं ते ठरवायचं, हाच त्या लढाईतला आपला भाग. डिकर्सिव्ह नावाचं ॲडऑन बसवलं की एकच बटण दाबत राहायचं, शोधणं आणि ठरवणं प्रोग्रॅम करायचा. हे शुद्ध अपेक्षित. डिसेंबर २००६ मध्ये ब्लिझर्ड कंपनीने ते थांबवलं: लढाई चालू असताना ॲडऑनने स्वतः लक्ष्य निवडायचं नाही, मंत्र टाकायचा नाही. २०१० साली एव्हीआर नावाचं ॲडऑन गेममधल्या जमिनीवरच वर्तुळं आखायला लागलं, तेही बंद केलं.

मधल्या काळात, मार्च २००९ मध्ये, कंपनीने आणखी दोन नियम घातले. ॲडऑन फुकट असलं पाहिजे, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता आला पाहिजे. दुसऱ्या नियमाचे उपकार आमच्या पिढीवर आहेत. दुसऱ्याचा कोड उघडायचा, एक ओळ बदलायची, काय मोडतं ते बघायचं, अशा रीतीने प्रोग्रॅमिंग शिकलेले दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत. आज ते त्यावर पगार घेतात.

नियम झाले तरी चढाओढ थांबली नाही. सगळ्यांकडे ॲडऑन आहेत म्हणून कंपनी लढाया त्या हिशेबाने अवघड करणार, आणि लढाया अवघड म्हणून ॲडऑनवाचून कुणाचं चालणार नाही. गेमचे दिग्दर्शक आयन हॅझिकोस्टास यांनीही हे जाहीरपणे मान्य केलंय. नमुना सांगते. आठ जणांवर खुणा पडतात आणि त्यांनी पाच सेकंदांत आठ जागा आपापसांत वाटून घ्यायच्या. बोलून हे जमत नाही. वीकऑराज मनातल्या मनात यादी लावतं आणि तुम्हाला सांगतं, तुझा तिसरा नंबर, डावीकडे. तुम्ही जाता. का गेलात ते विचारलं तर सांगता येत नाही.

२०२६ च्या मिडनाइट या विस्तारात कंपनीने हा प्रश्न मुळापासून सोडवायचा प्रयत्न केला. लढाईतली बरीच माहिती आता ॲडऑनसाठी गुप्त आहे. ती स्क्रीनवर मांडता येते, तिचं रूप बदलता येतं, पण तिच्यावर बेरीज-वजाबाकी किंवा ‘जर-तर’ चालत नाही. पोस्टमनसारखं: पाकीट पोचवायचं, फोडायचं नाही. वीकऑराज लिहिणाऱ्यांनी २०२५ मध्येच सांगून टाकलं होतं की या विस्तारासाठी आपण आवृत्ती काढणार नाही. त्या जागी गेमने स्वतःच्या सूचना आणि स्वतःचं वेळापत्रक दिलंय.

माझं मत विचाराल तर निदान बरोबर आहे. पण ‘ॲडऑन विचार करतं, म्हणून माणूस करत नाही’ या युक्तिवादाला भोक आहे, आणि ते कंपनीनेच पाडलंय. २०२५ मध्येच गेममध्ये एक अधिकृत बटण आलं. ते दाबत राहिलं की पुढचा मंत्र कुठला हे गेम ठरवतो, मोबदल्यात तुमचा वेग जरा कमी होतो. ज्यांचे हात किंवा बोटं साथ देत नाहीत त्यांच्यासाठी ते वरदान आहे, ते राहावंच. पण मग आक्षेप प्रोग्रॅमने ठरवण्याला नव्हता. कुणाच्या प्रोग्रॅमने ठरवायचं, एवढाच प्रश्न उरला.

आणि तिथे माझं कंपनीशी पटत नाही. कंपनी सगळ्यांसाठी एक स्क्रीन बनवते. रंग न दिसणाऱ्या त्या मुलाला त्रिकोण हवा होता. अंध खेळाडूंना ध्वनीवरून वाट दाखवणारं स्कू हे ॲडऑन खेळाडूंच्यातूनच आलं. आमचीही एक गरज होती. मी कर्वेनगरमधून युरोपच्या सर्व्हरवर खेळते, कारण भारतात या गेमचा सर्व्हर नाही. पुण्यापासून मध्य युरोप साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली तरी जाऊन-येऊन पासष्ट मिलिसेकंद. माझ्या घरी प्रत्यक्षात दीडशेच्या पुढे लागतात. रात्री साडेअकराला, ऑफिसच्या दिवसानंतर, त्यावर इंग्रजी सूचना वाचून पळणं अवघड जातं.

म्हणून आम्ही आवाज भरले. टोळीचा म्होरक्या नाशिकचा, त्याला सगळे दादा म्हणतात. त्याच्या आवाजात सात फायली: ‘पळा!’, ‘जवळ या’, ‘ताई, ढाल!’ वगैरे. कुठली कधी वाजवायची ते वीकऑराज ठरवायचं. टोळीतल्या दोन पोलिश मुलांना मराठीतला पहिला शब्द कळला तो ‘पळा’. वाचण्यापेक्षा ऐकून हात लवकर हलतो, आणि आपल्या भाषेत ऐकलं तर आणखी लवकर.

त्या सात फायली अजून फोल्डरमध्ये आहेत. त्या वाजवणारं वीकऑराज मिडनाइटमध्ये नाही.

आता दादा स्वतः ओरडतो. आणि ओरडण्यासाठी त्याला समोर बघावं लागतं. महिनाभरात तो अशा गोष्टी सांगायला लागला ज्या आधी आमच्यापैकी कुणीच बोलत नसे: डावा पंख खाली आला की शेपटी फिरते, छाती फुगली की मागे व्हा. ओनिक्सिया ही गेममधली जुनी ड्रॅगनीण खोल श्वास घ्यायची तेव्हा तिच्या तोंडासमोरून बाजूला व्हायचं, हे २००४ साली लोक असंच एकमेकांना सांगत असणार. पावसाळ्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल रस्त्याला ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, तिथेही हाच कारभार. ठेका बदलायचा इशारा ताशाकडून येतो आणि रांगच्या रांग ढोल त्यावर वळतात. इशारा देणारा माणूस जागा असावा लागतो.

म्हणजे आमची चांगली टीका गेली आणि तिच्याबरोबर अपेक्षितही गेलं. कंपनीने दोन्ही एकाच झाडूने काढलं याचा राग आहे. दादा ड्रॅगनकडे बघायला लागला याचा आनंदही आहे. यातलं एक खोडून दुसरं लिहिता येत नाही.

नव्याने स्क्रीन मांडणाऱ्यांना एवढंच सांगेन. दुसऱ्याची तयार मांडणी उचलू नका. रिकाम्या स्क्रीनने आत जा आणि मरा. मेल्यावर विचारा, कुठली गोष्ट दिसली नाही म्हणून मेलो? तेवढीच लावा. ती पाठ झाली की काढून टाका. माझ्या स्क्रीनवर आज चौकोन, माझ्या मंत्रांची वेळ आणि गेमच्या तीन सूचना आहेत. वरची अर्धी स्क्रीन मोकळी आहे. मागच्या आठवड्यात तिथे मला पहिल्यांदा राक्षसाचे दात दिसले. खालच्या रांगेतला एक तुटलेला आहे.